सहा खांद्यांचा बैल

आमच्या गावात फवारणीच्या ड्रोनला ड्रोन कोणी म्हणत नाही, विमान म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं, कारण विमान म्हटलं की मी आपोआप पायलट होत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

गाव वडनेरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. मी तेव्हा हिंगणघाटच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी कोणाला माहीत नव्हतं, आणि पहिलं वर्षभर मलाही नव्हतं. ड्रोन चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी नावं मागवली तेव्हा मी हात वर केलाच नव्हता. बाकावर शेजारी बसलेल्या मित्राने आळस द्यायला दोन्ही हात ताणले आणि सरांनी दोन नावं लिहून घेतली. तो गेला नाही. मी गेलो, कारण लिहिलेलं नाव खोडायला सांगण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

प्रशिक्षण नागपूरजवळ होतं. शिकवणारे सर पूर्वी फवारणीच्या खऱ्या, माणूस बसतो त्या छोट्या विमानांच्या देखभालीचं काम करायचे. ते म्हणायचे, उडणाऱ्या वस्तूचं इंजिन कधीतरी बंद पडणारच, हे धरूनच चालायचं. बंद पडलं की तीन कामं करायची. टाकी रिकामी करायची, म्हणजे वजन उतरतं. माणसं-जनावरं टाळायची. आणि मऊ जागा बघायची. त्यांच्या ओळखीच्या एका वैमानिकाचं इंजिन बंद पडलं तेव्हा त्याने आधी सगळं औषध खाली सोडलं आणि मग विमान धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरवलं. चिखलाने माखून घरी गेला, पण चालत गेला. "यंत्राची काळजी सगळ्यात शेवटी," सर म्हणायचे. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. घरी अंघोळ करतानाही माझं सुरू असायचं, टाकी, माणसं, मऊ जागा. आई बाहेरून विचारायची, "काय होऊन राह्यलं रे आत?"

त्याच वर्षी गावातल्या शेतकरी गटाला एक ड्रोन मिळाला, पण चाचणीपुरता. तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या एक मॅडम येऊन प्रात्यक्षिक बघणार होत्या. नीट झालं तर ड्रोन गावात राहणार आणि तो मी चालवणार. नाहीतर तो सेलूकडच्या एका गावाला जाणार. तिकडे पायलटही तयार होता आणि त्याला म्हणे चार माणसांसमोर बोलताना घाम येत नव्हता. मला यायचा. गावात निम्म्या लोकांचं मत होतं की पोरगं कॉलेजात जाऊन फक्त मोबाईल पाहते. उरलेल्या निम्म्यांनी मत राखून ठेवलं होतं. त्या ड्रोनवर माझं काय काय टांगलेलं होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ते दिसत असावं.

प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी सगळे गावातच असतात, कोणी बैल जुंपत नाही, आणि पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्यासाठी नटलेली असतात.

ड्रोन ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला तेव्हा मोठेबाबांनी आपला गोठा दिला. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून. त्यांचा गोठा सिमेंटच्या फरशीचा, दाराला कुलूप, आत विजेचा बोर्ड. आणि तो रिकामा होता. गुडघे साथ देईनात म्हणून त्यांनी चैत्रात बैलजोडी विकली होती. विकल्यावर आठ दिवस ते सकाळी उठून गोठ्यात जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. तिथे ड्रोन आल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. उघडला की तो बाजेएवढा होई. मधे दहा लिटरची टाकी, सहा बाजूंना सहा हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर आणि तिच्यावर पाती. मोठेबाबा त्याच्याभोवती फेरी मारून मला विचारायचे,

"याले खायले काय लागते?"

"काई नाई मोठेबाबा. चार्ज करा लागते."

"अन् पाणी?"

"टाकीत भरतो तेवढंच."

"म्हंजे पिऊन थुंकूनच देते ते." मग थोडं थांबून, "गरीब हाय बिचारं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मला कॉलेजात वही जमा करायला जायचं होतं. परत आलो तोवर अंधार पडला होता, म्हणून गोठ्यात डोकावलो नाही. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, दार उघडलं तर ड्रोनचे सहाही हात पिवळेजर्द होते.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदे सुजतात म्हणून गरम लोण्यात हळद कालवून पळसाच्या पानाने ती खांद्यावर चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मोठेबाबांनी हे पन्नास वर्षं केलं होतं. त्या वर्षी त्यांच्यासमोर सहा खांदे होते.

"लोणी पुरलं नाई रे," ते माझ्या मागून म्हणाले. "जोडीले पुरत होतं. हे सहा खांदं. शेवटच्या दोहीले तूप लावलं. चालते ना?"

चालत नव्हतं. लोणी नेमकं मोटरच्या तोंडावर, चांगलं थापलेलं होतं, आणि उन्हाने वितळून आत जाणार हे मला तिथेच दिसत होतं. पण मोठेबाबांच्या बोटांवर अजून हळदीचा रंग होता आणि चेहऱ्यावर चैत्रानंतर पहिल्यांदाच पोळा होता. मी म्हणालो, "चालते." माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच अडचणी याच एका शब्दाने सुरू झाल्या आहेत.

दुपारी त्यांनी दुसरी गोष्ट काढली. पोळ्यात तोरणाखाली फक्त जनावरवाले उभे राहतात. मोठेबाबांची जागा मारुतीच्या देवळासमोर डावीकडून तिसरी, पन्नास वर्षांची. ती मोकळी राहिली तर शेजारचा सरकून येईल, आणि एकदा सरकला की तो काही परत जात नाही.

"विमान घेऊन चाल," ते म्हणाले.

मी आणि बाबा ते उचलून खांद्यावर घ्यायला लागलो तर मोठेबाबा ओरडले, "खाली ठेवा! माणसाच्या खांद्यावर पोळ्यात कोणी येत नाई. तसं जाते ते मसनात." शेवटी भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. ड्रोनवर बैलाची जुनी झूल टाकली. मोठीआईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, गोंडे आणले आणि तीन-तीन करून सहा हातांना बांधले.

तोरणाखाली सगळ्यांनी मान वळवून बघितलं. मग कोणीतरी विचारलं, "याले शेपूट कुठून?"

"शेपूट नाई, पण शिंगं सहा हायेत."

"दात दाखवा, वय पाहू."

मोठेबाबा समोर बघत उभे होते, दोरी धरल्यासारखी मूठ आवळून. पोळ्यात झडत्या म्हणायची पद्धत आहे, म्हणजे दोन ओळी जुळवायच्या आणि समोरच्याची गंमत करायची. गल्लीतले एक काका पुढे आले, हात वर केला आणि म्हणाले,

"सहा खांद्यांचा बैल आला, चारा याले चालत नाई,
कॉलेजातलं पोट्टं नसलं तं जागचा हा हालत नाई,
हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा ओरडला. मी मान खाली घातली, पण हसू येत होतं. पोळा फुटला, बैल धावले, आणि मैदानाची सगळी धूळ उडून हातगाडीवर बसली. लोण्याला धूळ किती आवडते हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मी ड्रोन पुसला. रुमाल घेतला, मग आईची जुनी साडी घेतली. वरवरचं सगळं निघालं. सकाळी पुन्हा एकदा पुसला. प्रात्यक्षिकाआधी एक तपासणीचा कागद भरायचा असतो, बारा ओळींचा. त्यातली पाचवी ओळ होती: सर्व मोटर हाताने फिरवून पाहिल्या. मी फिरवल्या. चौथी जरा जड वाटली, पिठात अडकलेल्या जात्यासारखी. ती उघडायला हवी होती. पण मोठेबाबा शेजारी उभे होते आणि मोटर उघडली असती तर आतून हळद निघाली असती, त्यांच्यासमोर. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅडम अर्धा तास आधी आल्या होत्या. मी पाचव्या ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि सही केली. ती सही मला अजून आठवते. माझी सही एरवी सरळ येते, ती तिरपी आली होती.

प्रात्यक्षिक मोठेबाबांच्याच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, होतं. शेताच्या एका कडेला मोठेबाबांचं घर, घरामागे उकिरडा, दुसऱ्या कडेला कडुनिंब. कडुनिंबाखाली मॅडमसाठी प्लास्टिकची खुर्ची. टाकीत साधं पाणी भरायचं ठरलं होतं, पण मोठीआई म्हणाली, पीक समोर आहे तर पाणी काय शिंपडता, आंबट ताक घाला, पऱ्हाटीला चांगलं. तिने पंधरा दिवसांचं ताक साठवलेलं होतं. खांद्यांना लागलेलं लोणी याच ताकातून निघालं होतं. मी ते तीनदा गाळलं. वास काही गाळला गेला नाही.

लोकांनी जवळ येऊ नये म्हणून मी चुन्याने रेघ आखली. लोक त्या रेघेवरच उभे राहिले, अंगठे बरोबर चुन्यावर ठेवून, कबड्डीला उभे असल्यासारखे. पुढे तान्ह्या पोळ्याची पोरं, लाकडी बैलांच्या दोऱ्या हातात.

मी बोलायला सुरुवात केली. "नमस्कार, आज आपण," इथपर्यंत बरं झालं. पुढचं आठवलं नाही म्हणून मी ड्रोन उडवला.

तो उडाला, अगदी सुंदर उडाला. पहिली ओळ झाली, वळला, दुसरी ओळ झाली. ताकाचे बारीक थेंब उन्हात चमकत पऱ्हाटीवर पडत होते. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हात मागे बांधले होते आणि छाती थोडी पुढे आली होती. मोठेबाबा शेजाऱ्याला सांगत होते, "पाह्य, खांदा शेकला का जनावर कसं चालते."

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आवाज बदलला. बाटलीत माशी अडकावी तसा. हातातल्या रिमोटचा पडदा लाल झाला आणि आतली बाई इंग्रजीत बोलायला लागली.

"कोण बाई बोलून राह्यली?" रेघेवरून कोणी विचारलं.

"चौथी मोटर बंद पडली!" मी म्हणालो. सहापैकी एक बंद पडली तरी ड्रोन लगेच पडत नाही, पण तोल जातो. तो तिरका झाला आणि स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरायला लागला. माझ्या तोंडात नुसतं टाकी, टाकी, टाकी. मी पंप पूर्ण सोडला.

टाकी रिकामी करायची हे मला शिकवलं होतं. फिरत्या ड्रोनमधून उरलेलं सात-आठ लिटर आंबट ताक एकदम सोडलं तर ते कुठे जातं हे शिकवलं नव्हतं. ते सगळीकडे गेलं. पहिल्या फेरीत पऱ्हाटीवर, दुसऱ्या फेरीत चुन्याच्या रेघेवर, आणि मग वारा फिरला तेव्हा कडुनिंबाखाली. मॅडमनी फाईल डोक्यावर धरली, पण जरा उशिरा. झडतीवाले काका मिशा चाटून म्हणाले, "मीठ कमी हाय." लाकडी बैलवाली पोरं आनंदाने उड्या मारत होती.

दुसरं काम माणसं टाळायचं. इथे मला वाटलं होतं की लोक पळतील. कुठल्याही गावातले लोक पळाले असते. आमच्या गावातले लोक शेतकरी आहेत, आणि बिथरलेलं जनावर दिसलं की शेतकरी पळत नाही, आडवा होतो. आठ-दहा माणसं दोन्ही हात पसरून, वाकून, "हो... हो... हो... थांब रे राजा!" करत पऱ्हाटीत घुसली आणि फिरत्या पात्यांना चारी बाजूंनी घेरायला लागली. एकाने चुचकारलंही.

मी आयुष्यात कधी मोठ्याने ओरडलो नव्हतो. वर्गात हजेरीला "हजर" म्हणालो तरी सर दोनदा विचारायचे. त्या दिवशी ओरडलो, "मांगं सरा! सगळे मांगं सरा! ते बैल नाई!"

माणसं जागीच थांबली. मला वाटतं ड्रोनपेक्षा माझ्या आवाजाला घाबरली. मोठेबाबांनी काठी आडवी धरून त्यांना मागे लोटलं. "पोरगा सांगते तसं करा ना बे!"

उरलं तिसरं. मऊ जागा. पऱ्हाटीत उतरवला तर फांद्यांत अडकून पाती तुटली असती. घराचं छप्पर कौलारू. रस्त्यावर मॅडमची गाडी. आणि घरामागे, वर्षभराचं शेण, कुटार आणि राख घेऊन, उकिरडा. मी रिमोटची कांडी कलती करून ड्रोन तिकडे वळवला. तो सरळ जात नव्हता, गोल गोल जात होता, लग्नाच्या वरातीत नाचत निघालेल्या काकांसारखा, पण जात होता. उकिरड्याच्या वर आल्यावर मी कांडी हळूहळू खाली घेतली. ड्रोन बसला. चारही दिशांना शेण उडालं. पाती थांबली. तो पायांपर्यंत रुतला, किंचित कलला आणि तसाच राहिला.

मोठीआई म्हणाली, "गोठ्यातलं जनावर, उकिरड्यावरच गेलं."

मॅडम चष्मा पुसत आल्या. पुसल्यावर तो आणखी पांढरा झाला. त्यांनी ओढणी सावरली, उकिरड्याच्या कडेला वाकून सहाही पाती मोजली. सगळी शाबूत होती. मग चौथ्या मोटरला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"हे काय आहे?"

मला माहीत होतं की आता गप्प राहिलो तर कदाचित निभावेल. यंत्राचा दोष, असं लिहिलं गेलं असतं. ड्रोनही राहिला असता, कदाचित. आणि बोललो तर सेलूकडचा तो न घाबरणारा पायलट मला समोर दिसत होता.

"लोणी, मॅडम," मी म्हणालो. "हळद आणि लोणी. सकाळी मोटर जड वाटली होती. मी उघडली नाही. कागदावर खूण मात्र केली. चूक माझी आहे."

"त्याची काऊन?" मोठेबाबा पुढे आले. "लावलं म्या. पोरगा तं गावातही नवता. मले लिहा."

"तपासणी माझी होती, मोठेबाबा."

"खांदे म्या शेकले ना!"

"लोणी माहं होतं," मोठीआई म्हणाली. "अन् ताकही माहंच. लिहायचं असन तं दोन्ही लिहा."

"हातगाडी माही होती," मागून भाजीवाला म्हणाला. त्याचा काही संबंध नव्हता, पण एकटं मागे राहणं त्याला बरं वाटेना.

मॅडम आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांच्या कपाळावरून ताकाचा एक थेंब हळूहळू उतरत होता. "अहो, मी दोषी म्हणून कोणाचं नाव लिहू?" आणि मग त्या हसायला लागल्या. हसताना त्यांना स्वतःच्या कपड्यांचा वास आला आणि त्या आणखी हसल्या.

त्यांनी तिथेच खुर्चीवर बसून लिहिलं. मला वाचून दाखवलं. उड्डाणापूर्वी तपासणी अपुरी, पायलटची चूक. मोटर बंद पडल्यावर उतरवणं योग्य, कोणाला इजा नाही. दोन्ही एकाखाली एक. ड्रोन दुरुस्तीला जाणार आणि पंधरा दिवसांनी प्रात्यक्षिक पुन्हा होणार. "तेव्हा पाचवी ओळ माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "आणि टाकीत पाणी."

पंधरा दिवसांनी पाचवी ओळ मी त्यांच्यासमोर भरली. प्रत्येक मोटर तीन-तीनदा फिरवली. प्रात्यक्षिक इतकं सरळ झालं की बघायला आलेले निम्मे लोक कंटाळून मधेच गेले. ड्रोन गावात राहिला. निघताना मॅडमनी माझ्याकडून तपासणीचा कागद मागून घेतला आणि बाराव्या ओळीखाली स्वतःच्या हाताने तेरावी लिहिली: लोणी, तूप, हळद किंवा तत्सम काही लावलेले नाही. आता कागदाच्या नव्या प्रती काढल्या तरी ती ओळ त्यांच्याच अक्षरात येते. मी दर उड्डाणाआधी ती मोठ्याने वाचतो.

पुढच्या वर्षीचा पोळा आला. आदल्या सांजेला मी मुद्दाम कुठे गेलो नाही. गोठ्यात ड्रोनभोवती चुन्याची रेघ आखून ठेवली. मोठेबाबा वाटी घेऊन आले, लोणी गरम, हळद कालवलेली, पळसाचं पान बोटांत. रेघेपाशी थांबले. अंगठा चुन्याला लागू न देता वाकले आणि लांबूनच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळले.

"तेरा नंबर लिहिला?"

"लिहिला."

"मंग हे लोणी काय कुत्र्याले घालू? शर्ट काढ."

"मोठेबाबा, मी..."

"वर्षभर ते डबडं गळ्यात अडकवून उभा राह्यते शेतात. खांदे दुखत नाई का तुहे?"

डबडं म्हणजे रिमोट. त्याचा पट्टा मानेवर येतो आणि खरंच दुखतं, पण हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. मी शर्ट काढला. लोणी चांगलंच गरम होतं. पळसाचं पान खरखरीत, मोठेबाबांचा हात त्याहून. दोन्ही खांदे चोळून झाल्यावर ते माझ्या कानाशी वाकले.

"उद्या जेवाले येजो."

मी भिंतीपलीकडच्याच घरात राहतो आणि आठवड्यातले चार दिवस त्यांच्याकडेच जेवतो. तरी मी मान हलवून हो म्हटलं.